तो तिकडं गेलाच काऊन?

शिष्यवृत्तीच्या पुस्तकातला राम फार चालतो. घरून निघून उत्तरेला पाच किलोमीटर जातो, उजवीकडे वळून तीन किलोमीटर जातो, पुन्हा उजवीकडे वळून पाच किलोमीटर जातो आणि मग मधेच थांबून आपल्यालाच विचारतो, की मी आता घरापासून किती लांब आणि कोणत्या दिशेला आहे. रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदला इतकं विनाकारण कुणी चालत नाही. माणूस वावरात जातो, सोसायटीत जातो, मयतीला जातो. आणि पाच किलोमीटर जायचंच असलं तर आधी रस्त्यावर उभा राहून ओळखीची मोटारसायकल येते का ते बघतो. त्यामुळे गल्लीतल्या पाचवीच्या एका पोरीला मी हा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा तिने जे विचारलं ते मला रास्तच वाटलं.

"आबा, पण तो तिकडं गेलाच काऊन?"

दिलेल्या चार पर्यायांत हे उत्तर नव्हतं.

नोकरीतून मोकळा झालेला, चष्मा लावणारा आणि संध्याकाळी ओट्यावर बसणारा माणूस दिसला की गाव त्याच्यावर मास्तरकी सोपवून मोकळं होतं. मी जन्मात मास्तर नव्हतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'बसलेच आहेत तं पाहा जरा आमच्या पोट्ट्याचं' या न्यायाने शिष्यवृत्तीची आणि नवोदयच्या प्रवेशपरीक्षेची गाईडं माझ्या ओट्यावर येऊन पडतात. त्यांतल्या भाषेच्या आणि गणिताच्या भागाला मी घाबरतो. बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात मात्र करमणूक होते. कारण तिथे उत्तर माहीत असून भागत नाही, प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखावं लागतं.

तर राम. पोरीला दिशा येत नाहीत असं कुणी समजू नये. अडचण वेगळीच होती. ती ओट्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसली होती आणि पुस्तकातला उत्तरेचा बाण पानाच्या वरच्या कडेला, म्हणजे तिच्या हिशोबाने सरळ दक्षिणेला, चालला होता. "उत्तर तं माह्या पाठीमांगं हाय," ती म्हणाली. पाण्याची टाकी उत्तरेला आहे हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत. शेवटी तिने काय केलं, तर पुस्तक उचललं, स्वतः गर्रकन वळली, टाकीकडे तोंड करून बसली, मग रामाच्या मागे मागे बोट फिरवलं आणि म्हणाली, "तीन किलोमीटर. उगवतीले." उत्तर बरोबर. फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावरून उठून टाकीकडे तोंड करायची सोय नसते. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात ७५ प्रश्न, दीड तास. त्यांतले ५० प्रश्न बुद्धिमत्तेचे. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही वाट्याला येत नाही. तेवढा वेळ तर आमच्या पोरीला वळून बसायलाच लागला.

फ्लॅटमधल्या पोराला वळावं लागत नाही. उत्तर म्हणजे कागदाची वरची बाजू, हे त्याने तिसऱ्या वर्षी भिंतीवरच्या नकाशात पाहिलेलं असतं. आपल्या घरात ऊन कुठून येतं हे मात्र त्याला पडदे उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आता या दोघांत बुद्धी कुणाला जास्त, हे सांगायला बसलं की माणूस घसरतो. शंभर वर्षांहून जास्त काळ मोठमोठे लोक इथेच घसरत आले आहेत.

अशी चाचणी काढणारा पहिला माणूस मात्र सावध होता. आल्फ्रेड बिने हा पॅरिसचा मानसशास्त्रज्ञ. सक्तीच्या शिक्षणामुळे फ्रान्सच्या शाळांत सगळ्या थरांतली मुलं येऊ लागली, काही मागे पडू लागली, आणि यांतल्या कुणाला जास्तीची मदत लागेल हे ओळखायचं कसं, असा प्रश्न सरकारला पडला. बिने आणि त्याचा सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली छोट्या छोट्या कामांची एक चढती यादी केली. हेतू एवढाच, की मास्तरच्या रागालोभावर पोराचं भवितव्य ठरू नये. पुढे ब्रुसेल्समध्ये दोघा संशोधकांनी तीच यादी एका खासगी शाळेतल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपुढे ठेवली, तर ती मुलं पॅरिसच्या गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा बरीच पुढे निघाली. बिनेने हे दडवलं नाही, त्यावर लिहिलं. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी वस्तू आहे असं म्हणणाऱ्यांवर तर तो उखडायचा. १९११ साली तो वारला, पण त्याआधीच त्याची यादी अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेली होती. तिथे मदत कुणाला करायची हा प्रश्न मागे पडला आणि वगळायचं कुणाला हा पुढे आला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांहून अधिक रंगरुटांची बुद्धी मोजली. त्यात एक प्रश्न होता: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे तिथल्या बाजारातलं वनस्पती तूप. जहाजातून नुकत्याच उतरलेल्या इटालियन किंवा पोलिश शेतकऱ्याच्या पोराने ते पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याचे गुण गेले. आणि असे गुण गेलेले पुष्कळ निघाले, तेव्हा अमुक देशाचे लोक मुळातच मंद, असे निष्कर्ष छापून आले.

१९७२ साली रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याला झकास उत्तर दिलं. त्याने आपल्या वस्तीतल्या बोलीवर आधारलेली चाचणी काढली. तीत कृष्णवर्णीय मुलं पुढे, गोरी मुलं मागे. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात रिठद बुद्धिमत्ता मापनाचा पेपर घोळतो आहे. नमुन्यादाखल: डवरा म्हणजे काय? एक पालेभाजी, एक त्वचारोग, एक औत, की नगरकडचं एक आडनाव? पुढचा प्रश्न. सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री कधी टाकावी? ढग आल्यावर, ढग यायच्या आधी, शेजाऱ्याने टाकलेली पाहून, की विम्याचा माणूस पाहणी करून गेल्यावर? तिसरा जरा कठीण. मळणीनंतरचं कुटार कुणाचं? मालकाचं, मळणीयंत्रवाल्याचं, ज्याच्या दारी म्हशी त्याचं, की जो आधी नेईल त्याचं? या शेवटच्याची उत्तरसूची मीही अजून काढू शकलेलो नाही. तीवर गावात दोन भाऊ बोलेनासे झालेले आहेत. पण कोथरूडच्या शंभर पोरांना हा पेपर दिला तर काय निकाल लागेल याची कल्पना येते. तो निकाल पाहून 'पुण्याकडची मुलं जात्याच बेताची' असं आम्ही म्हणू का? म्हणू, थोडंसं. मनुष्यस्वभाव आहे.

आपल्याकडे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचण्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतल्या. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० साली निघालं, आणि बिने-कामत या जोडनावाची ती चाचणी आजही दवाखान्यांतून वापरात आहे. आमच्या विदर्भात, नागपूरला, आर्थर मॅलिन यांनी १९६९च्या सुमारास वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीचं भारतीय रूप केलं. परक्या मापाचा अंगरखा उसवून आपल्या अंगाला बेतायचं हे काम फार कष्टाचं असतं, आणि त्या लोकांनी ते केलं. पण 'भारतीय मूल' म्हणून बेतलेलं माप शेवटी धारवाडच्या आणि नागपूरच्या शाळेत बसणाऱ्या पोराचंच व्हायचं. तांड्यावरच्या पोराचं काय? आमच्या वाशीम जिल्ह्यात बंजारा वस्ती मोठी. त्यांचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी आमच्याच जिल्ह्यात. तांड्यावरचं मूल घरी गोरबोली बोलतं, अंगणवाडीत पहिल्यांदा मराठीला सामोरं जातं, आणि घरचे ऊसतोडीला जाणारे असले तर दिवाळीनंतर, म्हणजे अभ्यासाचा खरा मोसम सुरू होतो तेव्हा, कोपीत राहायला जातं. त्याचा पेपर तपासणारं यंत्र फक्त गोल काळा केलाय का ते बघतं.

बुद्धिमत्तेच्या भागात सगळ्यात रंगतदार प्रश्न 'गटात न बसणारे पद ओळखा' हा. मी एकदा पुस्तकातले प्रश्न संपल्यावर घरचाच एक घातला: सोयाबीन, तूर, मूग, ज्वारी. पोरगी होती, तिचा बाप फवारणीचा पंप धूत बसला होता, आजी निवडत बसली होती, आणि तिसरीतला भाऊ कशातच नव्हता.

पोरगी म्हणाली, "सोयाबीन. बाकीचं आपण खातो, ते विकतो."

बाप पंपातून मान वर न काढता म्हणाला, "मूग. मूग आता पेरते कोन?"

आजीने सुपातून एक खडा उचलून लांब टाकला आणि म्हणाली, "तूर. बाकी सारं दिवाळीच्या आंधी घरी येते. ते एकटी बिचारी संक्रांतीलोक वावरात उभी रायते."

मी धाकट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ज्वारी."

"काऊन रे?"

"तेच रायली होती."

आणि उत्तरसूचीप्रमाणे बरोबर तोच. सोयाबीन, तूर, मूग शेंगेत पिकतात, ज्वारी कणसात. ज्या तिघांनी विचार केला ते नापास, आणि उरलंसुरलं उचलणारा पास. बहुपर्यायी परीक्षेचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हे रिठदलाच घडतं असं नाही. १९३१-३२ साली अलेक्सांद्र लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला. त्याने शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, लाकडाचा ओंडका आणि कुऱ्हाड यांची चित्रं ठेवली आणि वेगळं कोणतं ते विचारलं. अपेक्षा ही, की ओंडका वेगळा, कारण बाकीची हत्यारं. निरक्षर शेतकरी काही केल्या ओंडका बाजूला काढायला तयार होईनात. सगळी एकत्रच लागतात, म्हणाले. दुसऱ्या एका माणसाने ओंडका वेगळा काढला, असं सांगितल्यावर एकाने अंदाज केला की त्याच्या घरी सरपण भरपूर असेल. मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "खरंच हाय ना. लाकूडच नसन तं कुऱ्हाड का पुजाले ठेवाची?" उझबेकिस्तान कुठे आहे हे तिला माहीत नाही. मलाही नकाशात शोधावं लागतं.

याहून मजेदार हकिगत लायबेरियातल्या क्पेले शेतकऱ्यांची. अमेरिकी संशोधकांनी त्यांना वस्तूंचे गट करायला सांगितले. ते चाकू फळाबरोबर ठेवायचे, कारण चाकूने फळ कापतात. शहाणा माणूस असंच लावील, असं वर सांगायचे. शेवटी कंटाळून संशोधकाने विचारलं, बरं, मग मूर्ख माणूस कसं लावील? त्याबरोबर त्यांनी खाण्याच्या वस्तू एकीकडे, हत्यारं एकीकडे, अशी तंतोतंत पाठ्यपुस्तकी मांडणी करून दाखवली. म्हणजे येत होतं. फक्त ते शहाणपणाचं काम आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

इथे माझ्या शहरातल्या मित्रांना भरतं येतं. 'बघा, खरं ज्ञान खेड्यातच,' असं ते म्हणू लागतात आणि मला चहा देतात. त्यांना मी आवरतो. वर्गवारी लावता येणं ही भिकार गोष्ट नव्हे. औषधाचं दुकान, ग्रंथालय, तलाठ्याचं दफ्तर, मोबाइलमधला शोध, सगळं त्यावरच चालतं. आणि ती शिकता येते: लुरियालाच दिसलं होतं की ज्यांना थोडंसं जरी शिक्षण मिळालं ते ओंडका झटकन बाजूला काढत. आमच्या पोरीला ज्वारीच सांगता आली पाहिजे. फक्त ज्वारी सांगता आली नाही म्हणून ती ढ, एवढं कुणी म्हणू नये.

भरतं येणाऱ्यांसाठी दुसरंही एक सांगतो. बाजारात भाजी घेऊन बसणारं पोर सव्वा किलो वांगी चाळीसच्या भावाने म्हटल्याबरोबर पन्नास म्हणतं आणि पिशवी पुढे करतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८०च्या दशकात अशाच फेरीवाल्या मुलांचा अभ्यास झाला. गाड्यावर तोंडी बिनचूक हिशेब करणारी तीच मुलं कागदावरच्या गणिताला अडखळली. २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा मोठा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. तिथेही तेच. पण त्याची दुसरी बाजू अधिक बोलकी होती: शाळेत चांगली असणारी, बाजारात काम न करणारी मुलं बाजारी हिशेबात तशीच गडबडली. गणित एकच, पण दोन घरांत राहतं आणि घरांमध्ये येणंजाणं नाही. ते येणंजाणं घडवायचं काम शाळेचं आहे. पोराला आपोआप येत नाही, बापाला वेळ नाही, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्याच्या भरवशावर तर देश चालणार नाही.

बापाला वेळ नाही हे मी सहज म्हटलं, पण ते सहज नाही. आमच्याकडे भाद्रपदात कुणाची बुद्धी मोजू नये. पेरणीचं कर्ज झालेलं असतं, खताची उधारी दुकानात लिहिलेली असते, फवारणी चालू असते, सोयाबीन शेंगेवर आलेलं असतं आणि भाव काय लागेल हे कुणालाच माहीत नसतं. त्या दिवसांत पंप धूत बसलेल्या माणसाला पोरीने काही विचारलं तर तो 'हं' म्हणतो. ते 'हं' कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे त्याला ठाऊक नसतं. सोंगणी होऊन माल विकला गेला की तोच माणूस संध्याकाळी पोरीचं पुस्तक उलटंसुलटं करून पाहतो, चुका काढतो, मलाही दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतो.

तामिळनाडूत ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांवर नेमका असा प्रयोग झाला. २०१३ साली 'सायन्स'मध्ये तो छापून आला. तोच शेतकरी, तीच आकृत्यांची चाचणी, एकदा तोडणीच्या आधी हात तंगीत असताना आणि एकदा पैसे हातात आल्यावर. पैसे आल्यावर गुण ठळकपणे वाढले. डोकं बदललेलं नव्हतं. डोक्यात चाललेला हिशेब थांबला होता. या अभ्यासावर पुढे वाद झाले, आकडेमोडीवर शंका निघाल्या, ते सगळं रीतसर झालं. आमच्या आळीला मात्र ही बातमी म्हणून सांगितली तर 'त्याले कागद कायले लागते?' असं म्हणतील.

आता हाच ताण मोठ्यांऐवजी पोटातल्या आणि पाळण्यातल्या मुलावर येतो तेव्हा काय होतं, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. कमी रक्त असलेली आई, कमी वजनाचं बाळ, पहिल्या दोन-तीन वर्षांतलं अपुरं खाणं, आणि बोलायला घरात कुणी मोकळं नसणं. मेंदूची बांधणी तेव्हाच चाललेली असते. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती हे कळल्यामुळेच. अंगणवाडीच्या ताईच्या वजनकाट्यावर जे दिसतं तेच दहा वर्षांनी शिष्यवृत्तीच्या निकालात उतरतं. मधल्या काळात आपण त्याला बुद्धी म्हणतो.

आणि सामाजिक पार्श्वभूमी म्हटलं की आपण उत्पन्नाचा दाखला पुढे करतो, जातीचं बोलायला चाचरतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. वाट शोधायची, प्रत्येक कोड्याला पैसे. जात कुणी काढली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या पोरांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि जात मोठ्याने वाचली. तिथे त्याच कोड्यांत दलित मुलांची कामगिरी खाली आली. पोरं तशीच, कोडी तीच, मधे एक वाक्य वाचलं गेलं. हे मला चाचणीबद्दलच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त लागलं. वर्गात उभं करून 'शिष्यवृत्तीवाले कोण कोण, हात वर करा' असं विचारणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

चाचणी बदलायची नसेल तर जागा बदलून पाहावी, हे करून दाखवलेली माणसं मराठीतच होऊन गेली. ताराबाई मोडक आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला, काही वर्षं संसाराला होत्या. बालशिक्षणाच्या माँटेसरी पद्धतीची शास्त्रशुद्ध साधनं महाग. म्हणून १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं यांवर बालशिक्षण उभं केलं. वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मूल आलं नाही याचा अर्थ मूल नालायक, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. त्यांनी पाय वापरले.

मागे पडलेल्याला त्याच्याच जागेवरून मोजावं, हे सरकारलाही कळतं, असं माझं मत आहे. पुरावा आमच्या जिल्ह्याचाच. २०१८ साली देशातले मागे पडलेले जिल्हे निवडले, त्यांना आकांक्षित जिल्हे असं गोड नाव दिलं. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आमचं वाशीम. म्हणजे अख्खा जिल्हा मागच्या बाकावर. पण क्रमवारी कशी लावायची ठरवलं पाहा. गेल्या वेळेपेक्षा जिल्हा किती पुढे सरकला यावर. मुंबईच्या किती मागे आहे हे कुणी विचारलं नाही. कालच्या वाशीमच्या किती पुढे, एवढं पाहिलं. जिल्ह्याला ही सवलत मिळते आणि दहा वर्षांच्या पोरीला मिळत नाही. तिचा आकडा थेट इतरांच्या आकड्यांशी ताडला जातो.

एवढं सगळं म्हणूनही चाचण्या बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही. चाचणी गेली की तिच्या जागी ओळख येते. कुणाच्या शिफारशीने, कुणाच्या फोनने, कुणाच्या मामामुळे. आमच्या पोरीला मामा आहे, पण तो पंक्चर काढतो. गोल काळा केलाय का एवढंच बघणाऱ्या यंत्राला तिच्या बापाचं नाव माहीत नसतं, ही त्याची मोठी मेहेरबानी. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आमच्या अमरावतीला. प्रवेशाला दोन तासांची परीक्षा, ८० प्रश्न, त्यांतले ४० बौद्धिक क्षमतेचे. आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. परीक्षा तीच ठेवली, पण खेड्यातल्या पोराची गाठ खेड्यातल्या पोराशी लावली. चाचणी वापरायची कशी, याचं मला तरी हे चांगलं उदाहरण वाटतं.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना विनंती. रामाला चालवा, पण कधीतरी तो का निघाला तेही लिहा. एखाद्या प्रश्नात त्याला बैल शोधायला पाठवा. दहातला एक प्रश्न असा असू द्या, की जिथे फ्लॅटमधलं पोर डोकं खाजवील आणि तांड्यावरचं हसेल. बघायला रिठदला यायचं असलं तर खुशाल या. फक्त सोंगणीत येऊ नका, तेव्हा कुणी बोलणार नाही. तूर निघाल्यावर या, तोवर माणसं माणसांत आलेली असतात. आणि ज्यांच्या घरी पाचवीचं पोर आहे त्यांनी नवोदयचा अर्ज भरून टाकावा. त्याला एक रुपयाही फी लागत नाही.